पालकांची साक्ष : विशेष शिक्षणाकडे येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यात देवरी तालुक्यातल्या एका तपासणी शिबिरातला प्रसंग सांगून सुरुवात करतो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले होते. समोर सतरंजीवर आया, आज्या आणि मुले आपापल्या पाळीची वाट पाहत बसली होती. सात वर्षांच्या एका मुलाला टेबलापलीकडून मराठीत विचारले गेले, 'पाचातून एक गेला, किती राहिले?' मूल गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. कागदावर पेन टेकले. एवढ्यात मागे उकिडवी बसलेली त्याची आजी गोंडीत काहीतरी बोलली. मुलाने हाताची पाचही बोटे दाखवली, मग अंगठा आत दुमडला. आजी आमच्याकडे वळून म्हणाली, "घरी कोंबड्या किती, असं पुसलं मी त्याले. पाच होत्या, परवा एक इकली."

ज्याच्या नावापुढे 'संख्याज्ञान नाही' अशी नोंद पडणार होती, त्या मुलाने आमच्या डोळ्यांदेखत वजाबाकी केली होती. त्याला अडचण नव्हतीच असे मात्र नाही. त्याचे बोलणे उशिरा सुरू झाले होते, एका बाजूने त्याला कमी ऐकू येत असावे असे आजीच सांगत होती, आणि ते पुढे खरेही निघाले. पण अडचण नेमकी कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या व्हरांड्यात एकाच व्यक्तीला ठाऊक होते, आणि ती शिबिराच्या यादीत 'सोबतची व्यक्ती' एवढीच होती.

विशेष शिक्षण या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पालक असो, डी.एड. करणारा विद्यार्थी असो की संशोधक, मला पहिली ओळख या आजीची करून द्यावीशी वाटते. या विद्येत मुलाला वाढवणाऱ्या माणसाची साक्ष हा पहिला पुरावा असतो. बाकीच्या तपासण्या, प्रमाणपत्रे, आराखडे त्या साक्षीवर उभे राहतात. ती साक्ष नीट घेतली गेली नाही, तर वरचे सगळे बांधकाम तिरपे जाते.

हे मी भावनेपोटी म्हणत नाही; शास्त्रातही याला आधार आहे, आणि त्यातला एक धागा गोंदियापासून फार लांब नसलेल्या नागपुरातून जातो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड इथे एडगर डॉल यांनी १९३५ साली सामाजिक परिपक्वता मोजणारी एक श्रेणी तयार केली. तिचे भारतीय रूपांतर ए. जे. मलिन यांनी नागपुरात केले. मुलांच्या बुद्धिमापनाची त्यांच्याच नावाची कसोटीही आपल्याकडे अजून वापरात आहे. या सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीत ८९ बाबी आहेत आणि त्यांची उत्तरे मुलाने द्यायची नसतात. प्रश्न विचारायचे ते त्याला सांभाळणाऱ्याला. पेला धरून पितो का? सांडतो किती? चप्पल स्वतः घालतो का? शेजारच्या घरी एकटा जाऊन परत येतो का? वस्तू आणायला धाडले तर आणतो का? घरातल्या माणसाने रोज पाहिलेल्या या साध्या गोष्टींतून मुलाचे सामाजिक वय काढले जाते. म्हणजे देशभरातल्या दवाखान्यांत मुलांचे जे मूल्यमापन होते, त्याचा मोठा भाग आईच्या उत्तरांवर उभा असतो. पण आईला हे कोणी सांगत नाही. ती घाईघाईत 'हो', 'नाही', 'थोडंथोडं' म्हणत जाते, कारण तिला वाटते, परीक्षा तिचीच चालली आहे.

या विषयाचा इतिहास मी विद्यार्थ्यांना शिकवतो तेव्हा सुरुवात उलट्या टोकाने करतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले, त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. हातात धरायचे, बोटांनी चाचपायचे, एकात एक बसवायचे साहित्य तिथल्या अनुभवातून घडले, आणि मग ते सर्वच मुलांच्या शिक्षणात आले. ताराबाई मोडकांनी तो विचार मराठी मुलखात आणला, इथल्या मातीतल्या वस्तूंनी त्याचे रूप बदलले, आणि आज सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत ताई बिया, खडे, काड्या मांडून बसते तेव्हा ती याच परंपरेतून आलेली असते. सर्वसाधारण शिक्षणाने विशेष शिक्षणाकडून पुष्कळ घेतले आहे. त्यामुळे दिव्यांग मुलाला वर्गात घेणे म्हणजे शाळेने केलेले उपकार, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

दुसरा धागा पालकांचा. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे या एका मुलाने या वर्षी काय शिकायचे, कोणी शिकवायचे, कशाच्या मदतीने आणि केव्हा तपासायचे याचा लेखी करार, ही कल्पना आज आपल्या गट साधन केंद्रांतही रूढ आहे. ती कायद्यात आली १९७५ साली, अमेरिकेत. त्याआधी १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पालकांच्या संघटनेने, आमच्या मुलांना शाळा का नाकारता, म्हणून राज्याला न्यायालयात खेचले होते. आपल्याकडे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, तोही 'आमच्या पश्चात याचे कोण' हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे चाललेल्या आईवडिलांमुळे. त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला.

आता या जिल्ह्याकडे वळू. आठ तालुके, २०११च्या जनगणनेनुसार १३,२२,५०७ लोकसंख्या. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. घरात गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, हिंदी किंवा झाडीबोली, आणि शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी. भाषेची ही वीण विशेष शिक्षकाने समजून घेतली नाही तर दोन प्रकारच्या चुका होतात, आणि दोन्ही मी पाहिल्या आहेत. झाडीबोली बोलणारे मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणते आणि तसेच लिहिते, कारण त्याच्या बोलीत 'ण' नाहीच. ती त्याच्या बोलीची शुद्ध नोंद आहे, अध्ययन अक्षमतेचे लक्षण नव्हे. याउलट दुसरे मूल चौथीत जाऊनही 'कमल' आणि 'मकल' यांत घोटाळा करते, ओळ वाचताना जागा हरवते, तोंडी सगळे बिनचूक सांगते आणि वही कोरी ठेवते. त्याच्याबद्दल 'खेड्यातलं आहे, घरी मराठी नाही, येईल हळूहळू' असे म्हणत वर्षे काढली जातात. पहिल्या मुलावर नसलेला शिक्का बसतो, दुसऱ्याची असलेली अडचण झाकली जाते. यावर पालकांनी विचारायचा प्रश्न सोपा आहे: तपासणी कोणत्या भाषेत झाली? बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी केले, ते मुलाच्या भाषेत विचारायला हवे हे ओळखूनच. गोंडी मुलालाही हाच न्याय हवा. कसोटी गोंडीत नसेल तर निदान दुभाषी म्हणून आजीला शेजारी बसवावे आणि अहवालात तसे नोंदवावे.

या भागाची आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आजारी मूल महिन्यातून कित्येक दिवस अंगदुखीने शाळा बुडवते, हे शिक्षकांना दिसते. पण या आजारात मेंदूला होणारा रक्तपुरवठा अडून लहानलहान इजा होऊ शकतात, बाहेरून काही न दिसता, आणि मग लक्ष, स्मरण, हिशेब यांत मूल मागे पडू लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार त्याने सातांवरून एकवीसवर नेले, त्यांत सिकलसेलही आहे. घरात लाल किंवा पिवळे सिकलसेल कार्ड असेल, तर शाळेत मुलाबद्दल बोलताना ते सोबत ठेवावे.

पालकांना सर्वांत जास्त थकवते ती मात्र वेगळीच गोष्ट: मूल एक आणि खाती चार. अंगणवाडी महिला व बालविकासाची. तपासणी, उपचार आणि दिव्यांग प्रमाणपत्र आरोग्य विभागाचे. जिल्हा परिषद शाळेत येणारा विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून, म्हणजे शालेय शिक्षणाचा. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्रपणे सुरू झाला. स्वतंत्र विभाग झाला हे चांगले झाले. पण अर्जुनी मोरगावच्या बापाला या चारांतले कोणते दार कशासाठी, हे कुठेच लिहून ठेवलेले सापडत नाही. तो रोजी बुडवून एका दारी जातो, तिथून दुसऱ्या दारी पाठवला जातो, आणि तिसऱ्या फेरीला यायचे सोडून देतो. मग त्याच्यावर शेरा पडतो, 'पालक उदासीन'. इतक्या वर्षांत मला उदासीन पालक फार थोडे भेटले. दमलेले पुष्कळ भेटले.

तेव्हा ही दारे एकदा ओळीने सांगतो. मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर सुरुवात अंगणवाडीताई आणि आशाताईंपासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि पुढच्या तपासणीची गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक येण्याची तारीख ताईंकडून आधी विचारून घ्यावी, कारण नेमक्या त्या दिवशी मूल मामाच्या गावी असते. दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर पथकाचीही वाट पाहू नये. 'याचा बाप पण उशिरा बोलला' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे आणि त्यापायी इतकी मोलाची वर्षे गेलेली पाहिली आहेत, की ते ऐकले की आजही काळजात धस्स होते. श्रवणदोषात तर पहिली तीन वर्षे म्हणजे भाषा रुजण्याचा हंगाम. धानाचे पऱ्हे वेळेवर लावले नाहीत तर नंतर पाणी कितीही असो, फुटवे येत नाहीत, हे इथल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. अर्ज लांबलचक नको. मुलाचे नाव, वर्ग, घरी आणि वर्गात दिसलेल्या तीन-चार अडचणी, आणि मागणी एवढीच: गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन व्हावे आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडा पालकांच्या उपस्थितीत तयार व्हावा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. माझ्या ओळखीच्या एका वडिलांनी वर्षभर तोंडी पाठपुरावा केला आणि वर्षाच्या शेवटी त्यांना ऐकावे लागले की तुम्ही कधी सांगितलेच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तेच चार ओळींत लिहून दिले. अर्जावर आवक क्रमांक पडला आणि पंधरा दिवसांत विशेष शिक्षक वर्गात आले. ती पोच त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली आहे.

इथे कायद्यातला एक बारकावा नीट समजून घ्यावा, कारण तो माहीत नसल्याने मुले अडकतात. शिष्यवृत्ती, भत्ते, आरक्षण अशा लाभांसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र लागते. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देणारे कलम ३१ हेही याच टक्केवारीशी जोडलेले आहे. पण वर्गात भेदभाव न करता घेणे, बसण्याची-वाचण्याची सोय करणे, गरजेप्रमाणे वैयक्तिक साहाय्य देणे, अध्ययन अक्षमता लवकर ओळखून उपाय करणे, ही कर्तव्ये कलम १६ मध्ये आहेत, आणि त्या कलमात टक्केवारीची अट नाही. तेव्हा 'आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू' हे उत्तर भत्त्यापुरते बरोबर आहे. पुढच्या बाकावर बसवण्यासाठी, मोठ्या अक्षरातल्या कागदासाठी, जास्तीच्या वेळेसाठी ते लागू पडत नाही. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्वामुळे शाळेत जाता येत नसेल तर घरी शिक्षण घेण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने दिला आहे. हा पर्याय पालकांनी निवडायचा आहे. शाळेने मूल घरी धाडण्यासाठी तो वापरला तर हरकत घ्यावी. समग्र शिक्षेत प्रवास आणि मदतनीस भत्ता आहे, आणि दिव्यांग मुलींना वर्षातले दहा महिने दरमहा २०० रुपये. रक्कम लहान आहे, पण त्या निमित्ताने मुलीचे नाव पटावर टिकते, आणि इथल्या खेड्यांत मुलीच्या बाबतीत ते टिकणे मोठे आहे.

विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, हे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले. आज एकेक विशेष शिक्षक कितीतरी शाळा सांभाळतो, मोटारसायकलवर, जंगलातल्या रस्त्यांनी. त्याच्यावर राग काढण्याऐवजी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे प्रमाण नोंदवून घ्यावे. समितीत पालकांचे बहुमत असते, ते अशा वेळी कामाला यावे.

शेजारची शाळा की विशेष शाळा, या वादात माझे मत विचारले जाते. पहिला हक्क शेजारच्या शाळेचा, असे मला वाटते. भावंडांसोबत जाणे, त्याच तळ्याकाठून परत येणे, मंडईत सगळ्यांनी नावाने ओळखणे, यातून मुलाला गाव मिळते. पण कर्णबधिर मुलांच्या बाबतीत मी हा आग्रह सैल करतो. गावात एकटे कर्णबधिर मूल अनेकदा भाषेवाचून वाढते. त्याला खुणांची भाषा बोलणारी दुसरी मुले लागतात, आणि ती विशेष शाळेत भेटतात. अशा शाळेतून सुटीला घरी आलेल्या मुलीचे हात भराभरा चालताना पाहून एका आईने मला विचारले होते, 'ही काय बोलते, ते मला कोण शिकवील?' आईसाठी खुणांचा वर्ग कोणत्याच योजनेत मला सापडला नाही. तो असायला हवा.

आता त्या साक्षीकडे परत येतो. पालकांनी एक वही ठेवावी, एवढीच माझी सुरुवातीची मागणी असते. तिरोडा तालुक्यातल्या एका आईची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. शंभर पानी, कव्हरवर हळदीचे बोट. सातवी शिकलेली बाई. तिच्या मुलाला मेंदूचा पक्षाघात. विशेष शिक्षकाने तिला शर्ट घालायला शिकवण्याची रीत सांगितली होती: पाच बटणांपैकी चार तिने लावायची, शेवटचे मुलाने; ते जमले की तीन तिने आणि दोन त्याने. काम शेवटाकडून शिकवायचे, म्हणजे प्रत्येक वेळी ते पुरे केल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. वहीत तारखांखाली नोंदी होत्या. 'खालचं बटन लावलं. बारा मिनिटं लागली.' 'आज लावलं नाही, रडला, ताप होता.' 'दोन लावली. नऊ मिनिटं.' पुढे एका पानावर नुसते 'पाच' लिहून खाली रेघ ओढली होती. पहिली नोंद श्रावणातली, ही होळीनंतरची.

प्रमाणपत्राच्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, 'स्वतःची कामं करतो का?' तिने 'हो' किंवा 'नाही' असे काही म्हटले नाही. वही पुढे केली. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पाने उलटली. मूल्यमापनाच्या किती तरी परिषदांना मी गेलो आहे, पण कोणत्याही सादरीकरणापेक्षा त्या दिवशी मी जास्त शिकलो.

शब्दांबद्दल थोडे. जुन्या शासकीय कागदांत, शाळांच्या पाट्यांवर 'मतिमंद', 'मूकबधिर', 'अपंग' हे शब्द भेटतील. त्या काळी ते शब्द कामाचे होते आणि त्या पाट्यांखाली अनेकांनी आयुष्ये वेचली आहेत. आता बौद्धिक अक्षमता, कर्णबधिर, दिव्यांग असे म्हणावे. घरात मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात, तेही जरा ऐकून पाहावे. 'खुळा' हे लाडाचे नाव म्हणून ठेवलेले असते, पण दहाव्या वर्षी त्याचा अर्थ मुलाला कळू लागलेला असतो.

एक व्यवहाराची सूचना राहिली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि पाऊस लागला की लगेच रोवणी सुरू होते. मग महिना-दीड महिना कोणत्याच आईला बांधीतून निघता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच शाळेत वर्षाची यादी तयार होत असते. म्हणून अर्ज मे महिन्यातच, तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की लिहून ठेवावा, आणि शाळा उघडेल त्याच आठवड्यात पोच घ्यावी. वही मात्र आजपासून घातली तरी चालेल. पहिल्या पानावर मुलाला काय येते ते लिहावे. काय येत नाही, ते लिहायला बाकीचे लोक आहेतच.